इन्स्टॉलर मुकाट्याने चालवायचाय, पण कुठेतरी अडून बसतो

खटपट_चालू

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या सगळ्या विंडोज मशिनवर काही सॉफ्टवेअर टाकायची आहेत. सेव्हन-झिप, व्हीएलसी, व्हीएस कोड ही नेहमीची, एक रिपोर्ट छापणारा जुनाट प्रोग्रॅम, आणि यूएसबीला जोडायच्या मोजमापाच्या उपकरणासोबत येणारं एक पॅकेज. प्रत्येक मशिनपुढे बसून नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश करायचं नाहीये, म्हणून स्क्रिप्ट लिहायला घेतली. शोधलं तर जो तो '/एस लावा' म्हणतो. लावला. काही सेटअप ऐकतात, काही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि खिडकी उघडून उभे राहतात.

व्हीएस कोड निमूट बसतो, पण शेवटी स्वतःच उघडतो आणि पॉवरशेल स्क्रिप्ट तिथेच थांबते.

खरी डोकेदुखी उपकरणाच्या पॅकेजची आहे. माझ्या मशिनवर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून /व्हेरीसायलेंट देऊन चालवलं की झटक्यात बसतं. तेच डिप्लॉयमेंट एजंटमार्फत (दूरून सॉफ्टवेअर बसवणारा, प्रत्येक मशिनवर चालणारा प्रोग्रॅम) इतर मशिनवर ढकललं की कायम 'रनिंग'. एरर नाही, स्क्रीनवर काही नाही. टास्क मॅनेजरमध्ये सेटअपची प्रोसेस शून्य टक्के सीपीयू दाखवत बसलेली. मारून टाकली तरच सुटका.

कुणी याच्यातून गेलंय का?

(कमांड मी देवनागरीत लिहितोय, चालवताना रोमन अक्षरं टंकायची हे गृहीत धरा.)

---

जुनं_खोड

/एस ही विंडोजची सोय नाही, इथूनच घोळ सुरू होतो. विंडोज फक्त एक्झी, म्हणजे सेटअपची चालवायची फाइल, सुरू करतं. एक्झीच्या पुढे तुम्ही जे लिहिता ते वाचायचं की नाही, हे तो सेटअप ज्या साधनाने बांधलाय त्याच्या हातात. म्हणून आधी सेटअपची जात ओळखा, मग स्विच (कमांडपुढे जोडायचा /एससारखा पर्याय) लावा.

एनएसआयएस, म्हणजे विनॲम्पवाल्या नलसॉफ्टचं साधन: /एस, आणि तो मोठ्या लिपीतलाच 'एस' हवा, छोटा चालत नाही. फोल्डर बदलायचा असेल तर /डी= हा अगदी शेवटी द्यायचा आणि मार्गात मोकळी जागा असली तरी अवतरणचिन्हं घालायची नाहीत. अवतरणं घालायची सवय लागलेल्यांना हे फार छळतं.

इनो सेटअप: /सायलेंट दिलं तर प्रगतीची पट्टी दिसते, /व्हेरीसायलेंट दिलं तर तीही नाही. जोडीला /सप्रेसएमएसजीबॉक्सेस आणि /नोरीस्टार्ट. हा शेवटचा विसरू नका. /व्हेरीसायलेंट असताना रीस्टार्टची गरज पडली आणि /नोरीस्टार्ट नसेल, तर इनो न विचारता मशिन रीस्टार्ट करतो. समोरचा माणूस काहीतरी टंकत असतो आणि पडदा काळा.

एमएसआय, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरचं पॅकेज: हे सगळ्यात शहाणं बाळ, कारण चालवणारं इंजिन विंडोजचं स्वतःचं आहे.

एमएसआयएक्सेक /आय पॅकेज.एमएसआय /क्यूएन /नोरीस्टार्ट /एल*व्ही सी:\टेम्प\लॉग.टीएक्सटी

इन्स्टॉलशील्ड: याचं वेगळंच प्रकरण आहे, खाली लिहितो.

जात कशी ओळखायची? एक्झीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. इनोचे सेटअप बऱ्याचदा कॉमेंट्समध्ये 'इनो सेटअपने बांधलंय' असं स्वतःच सांगतात. सेव्हन-झिपने एक्झी उघडून बघा, एनएसआयएस असेल तर तो प्रकार दाखवतो. काहीच कळलं नाही तर /? देऊन चालवा, पुष्कळ सेटअप स्विचची यादी दाखवतात. आणि याहून सोपं म्हणजे गिटहबवरचा विंगेटचा (कमांडने सॉफ्टवेअर बसवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) 'विंगेट-पीकेजीएस' हा साठा. तुमचं सॉफ्टवेअर त्यात असेल तर त्याच्या मॅनिफेस्ट फायलीत सेटअपचा प्रकार आयताच लिहिलेला असतो, आणि वेगळे स्विच लागत असतील तर तेही. विंगेट वापरायचं नसलं तरी ती फाइल वाचायला कुणाची ना नाही.

---

शंकासुर

दोन शंका. एमएसआयला /क्यूबी पण चालतं ना? आणि सायलेंट म्हटल्यावर सेटअप जे प्रश्न विचारणार होता त्यांची उत्तरं कोण देतं?

---

जुनं_खोड

/क्यूबी म्हणजे छोटी प्रगतीची खिडकी. त्यात कॅन्सलचं बटण असतं, /क्यूबी! दिलं की ते नाहीसं होतं. /पॅसिव्ह हा साधारण तसाच, लोकांना 'काहीतरी चाललंय' एवढं कळावं म्हणून बरा. कुणी लॉगइन नसताना चालवायचं असेल तर /क्यूएन.

दुसरी शंका लाखातली आहे. या धाग्याचं उत्तरही बहुतेक त्यातच निघेल.

सेटअपमध्ये दोन तऱ्हेच्या खिडक्या असतात. एक विझार्डची पानं: स्वागत, परवाना, फोल्डर, फिनिश. सायलेंट स्विच ही पानं गाळतो आणि जिथे निवड असते तिथे सेटअप बांधणाऱ्याने ठरवलेली मूळ निवड घेतो. दुसऱ्या म्हणजे अधूनमधून उपटणाऱ्या संदेशपेट्या: 'फाइल वापरात आहे', 'जुनी आवृत्ती सापडली, काढू का?' वगैरे. त्या सायलेंटमध्ये आपोआप मुक्या होतीलच असं नाही.

एनएसआयएसमध्ये सेटअप लिहिणाऱ्याने प्रत्येक संदेशपेटीला /एसडी देऊन 'सायलेंट असेल तर हे उत्तर धर' असं सांगायचं असतं. नाही सांगितलं तर /एस लावूनही पेटी पडद्यावर येते. इनोत त्यासाठी /सप्रेसएमएसजीबॉक्सेस आहे. तो ठरावीक उत्तरं देतो, उदाहरणार्थ ॲबॉर्ट की रिट्राय असा प्रश्न असेल तर ॲबॉर्ट. पण सेटअप लिहिणाऱ्याने स्वतःच्या कोडमध्ये साधं एमएसजीबॉक्स फंक्शन वापरलं असेल, तर हा स्विच त्या पेटीला दाबू शकत नाही. त्याने सप्रेसिबलएमएसजीबॉक्स वापरायला हवं होतं. बहुतेक जण वापरत नाहीत, कारण स्वतःच्या मशिनवर ते बटण दाबूनच चाचणी करतात.

म्हणजे खिडकी लपवणं हे एक काम आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन ठेवणं हे दुसरं. सायलेंट स्विच पहिलं करतो. दुसरं बऱ्याचदा आपल्यावर पडतं.

---

झटपट_राव

कशाला एवढा काथ्याकूट? ऑटोइट किंवा ऑटोहॉटकी घ्या, खिडकी आली की बटण दाब असं स्क्रिप्टमध्ये लिहा. मी कित्येक हट्टी सेटअप असेच बसवलेत. आणि यूएसी (ॲडमिन अधिकार देण्याआधी विचारणारी विंडोजची सोय) बंद करून टाका, निम्मे पॉप-अप तिथेच संपतात.

---

टर्मिनलवाली

झटपटराव, यूएसी बंद करायचा सल्ला कृपा करून नको. एका इन्स्टॉलसाठी मशिनचं दार कायमचं उघडं टाकायचं, आणि नंतर ते लावायला कुणीही परत येत नाही.

शिवाय यूएसीची खिडकी सेटअपची नसतेच, विंडोजची असते. सेटअपला दिलेला कुठलाही स्विच तिला लागू पडत नाही. ती मुळातून टाळायचा मार्ग म्हणजे स्क्रिप्टच आधीपासून वाढीव अधिकारात चालवणं: टास्क शेड्युलरमधून 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस' लावून, किंवा एजंटमार्फत सिस्टम खात्यात (विंडोजचं स्वतःचं, सगळे अधिकार असलेलं खातं). एमएसआयची गंमत उलटी आहे. साध्या अधिकारात /क्यूएन लावून सगळ्यांसाठीचं पॅकेज बसवायला गेलात तर यूएसी विचारतही नाही, इन्स्टॉल सरळ फसतं. मग लोक म्हणतात 'सायलेंट चालतच नाही'.

आणि ऑटोइट: मशिनचा पडदा लॉक असेल तर? खिडकीचं शीर्षक दुसऱ्या भाषेत असेल तर? विक्रेत्याने पुढच्या आवृत्तीत एक पान वाढवलं तर? यूएसीची खिडकी सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, तिथे तुमची स्क्रिप्ट पोचतही नाही.

---

झटपट_राव

एवढं रागावू नका हो. पडद्यासमोर माणूस बसलेला असताना चालतं, एवढंच म्हणणं. काही जुन्या सेटअपना दुसरा इलाजच नसतो.

---

टर्मिनलवाली

राग नाही. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पहिला म्हणून नको.

---

जुनं_खोड

खटपट, आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य, पडद्यावर काही नाही: ही अदृश्य खिडकीची लक्षणं आहेत.

एजंट सिस्टम खात्यात सेवा म्हणून चालतो. व्हिस्टापासून सेवांना सेशन शून्यात (सेशन म्हणजे प्रत्येक लॉगइनची वेगळी जागा) वेगळं टाकलंय आणि वापरणाऱ्याचा डेस्कटॉप सेशन एक किंवा पुढच्या सेशनमध्ये असतो. सेटअपने सेशन शून्यात खिडकी उघडली तर ती खरोखरच उघडते, फक्त कुणालाच दिसत नाही. तिच्यावरचं ओके कुणी दाबणार नाही, म्हणून सेटअप कायम वाट बघत बसतो. पूर्वी 'इंटरॅक्टिव्ह सर्व्हिसेस डिटेक्शन' नावाची सेवा अशा वेळी निदान 'एक प्रोग्रॅम तुमच्याशी बोलू पाहतोय' असं सांगायची. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तीही काढून टाकली.

ती खिडकी पकडायची अशी. जिथे हे पॅकेज कधीच गेलेलं नाही अशा कोऱ्या मशिनवर सिसइंटर्नल्सचं पीएसएक्सेक घ्या आणि ॲडमिन प्रॉम्प्टमधून

पीएसएक्सेक -एस -आय सीएमडी

चालवा. हा कमांड प्रॉम्प्ट सिस्टम खात्याचा, पण तुमच्याच पडद्यावर उघडतो. त्यातून सेटअप अगदी त्याच स्विचने चालवा. एजंटखाली लपणारी खिडकी बहुतेक वेळा इथे तुमच्यासमोर येईल. तिच्यावर काय लिहिलंय ते इथे टाका. काही क्लिक करू नका, आधी वाचा.

सोबत /लॉग=सी:\टेम्प\इनो.टीएक्सटी पण द्या. लॉगची शेवटची ओळ कुठे थांबली ते कळेल.

---

शंकासुर

तोपर्यंत व्हीएस कोडचं कुणी सांगाल का? मलाही तेच होतं.

---

टर्मिनलवाली

व्हीएस कोडचा सेटअप इनोचा आहे आणि 'शेवटी प्रोग्रॅम सुरू करा' हे त्यात एक टास्क आहे. ते वजा करायचं:

/व्हेरीसायलेंट /नोरीस्टार्ट /मर्जटास्क्स=!रनकोड

उद्गारचिन्ह म्हणजे 'हे टास्क नको'. डेस्कटॉपवरचं चित्र नको असेल तरी याच वाटेने. मात्र प्रत्येक सेटअपमधली टास्कची नावं त्याच्या कर्त्याने ठेवलेली असतात, ती शोधावी लागतात. एकदा हाताने पाहिजे तशा खुणा करून /सेव्हआयएनएफ= ने फाइल जतन करायची, नावं त्यात सापडतात. पुढे /लोडआयएनएफ= ने तीच फाइल परत देता येते.

स्क्रिप्ट थांबण्याचं कारण वेगळं. पॉवरशेलमधलं स्टार्ट-प्रोसेस -वेट हे सेटअप संपायची वाट बघतंच, पण सेटअपने जन्माला घातलेल्या प्रत्येक प्रोसेसचीही बघतं. शेवटी व्हीएस कोड उघडला की तो बंद होईपर्यंत स्क्रिप्ट पुढे सरकत नाही. रनकोड काढलं की दोन्ही दुखणी जातात.

-वेट काढून टाकू नका मात्र. पॉवरशेल खिडकीवाल्या प्रोग्रॅमसाठी एरवी थांबत नाही, लगेच पुढचा सेटअप सुरू करतं. दोन एमएसआय एकाच वेळी बसू शकत नाहीत. दुसरं १६१८ देऊन परत जातं.

---

शंकासुर

हे आकडे कुठे बघायचे? १६१८ म्हणजे काय ते कसं कळणार?

---

जुनं_खोड

सायलेंटमध्ये सेटअप तोंडाने काही सांगत नाही, जाताना एक आकडा ठेवून जातो. तो वाचला नाही तर सगळा खटाटोप आंधळा. पॉवरशेलमध्ये -पासथ्रू लावून एक्झिटकोड बघा, बॅचमध्ये एररलेव्हल.

एमएसआयचे रोज भेटणारे: ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजेही झालंच, फक्त रीस्टार्ट बाकी आहे, त्याला अपयश समजून पुन्हा इन्स्टॉल मारणाऱ्या स्क्रिप्ट मी भरपूर पाहिल्यात. १६४१ म्हणजे झालं आणि रीस्टार्ट सुरूही केला. १६०२ कुणीतरी कॅन्सल केलं. १६१८ दुसरं इन्स्टॉल चालू आहे, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा. १६१९ पॅकेज उघडताच आलं नाही, बहुतेक मार्ग चुकलाय किंवा सिस्टम खात्याला त्या शेअरवर जायची परवानगी नाही. १६३८ दुसरी आवृत्ती आधीच आहे.

आणि १६०३. 'काहीतरी गंभीर बिघडलं' यापलीकडे तो काही सांगत नाही. १६०३ घेऊन नुसतं शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाचं कारण निराळं. /एल*व्ही ने काढलेला लॉग उघडा, त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा, आणि तिथून वर वाचत जा. खरं दुखणं त्याच्या काही ओळी आधी लिहिलेलं असतं. लॉग अवाढव्य असतो म्हणून लोक घाबरतात, पण वाचायच्या ओळी मूठभरच असतात.

इनो, एनएसआयएस यांचे आकडे वेगळे. तिथे ० सोडून काहीही आलं की लॉग बघायचा, एवढं पुरे.

---

खटपट_चालू

सापडली! कोऱ्या मशिनवर पीएसएक्सेकने चालवलं आणि खिडकी समोर आली. सेटअपची नाहीच ती. 'विंडोज सिक्युरिटी' असं शीर्षक आहे, 'हे डिव्हाइस सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचंय का?', खाली कंपनीचं नाव, 'या प्रकाशकाच्या सॉफ्टवेअरवर नेहमी विश्वास ठेवा' असा चौकोन, आणि इन्स्टॉल / डोन्ट इन्स्टॉल. इनोचा लॉग ड्रायव्हरची कमांड चालवल्याच्या ओळीवर थांबलाय.

मग माझ्या मशिनवर ही का आली नाही?

---

जुनं_खोड

कारण तुमच्या मशिनवर त्या प्रकाशकाचं प्रमाणपत्र आधीच 'ट्रस्टेड पब्लिशर्स'मध्ये आहे. त्याच कंपनीचं एखादं आधीचं उपकरण जोडताना चौकोनात खूण झाली असेल. सर्टएमजीआर (मशिनवरची प्रमाणपत्रं दाखवणारं विंडोजचं साधन) उघडून खात्री करा.

मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएचक्यूएल या ड्रायव्हर चाचणीतून सही झालेल्या ड्रायव्हरला हा प्रश्न येत नाही. ड्रायव्हरसोबतच्या कॅटलॉग (.कॅट) फायलीवर, जिच्यात सही असते, विक्रेत्याने स्वतःची सही केली असेल तर येतो. आणि /व्हेरीसायलेंटचा याच्याशी काही संबंध नाही, विचारणारं विंडोज आहे.

उपाय: पॅकेजमधली .कॅट फाइल काढा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, तिथून प्रमाणपत्र .सीईआर म्हणून बाहेर काढा. मग सेटअपच्या आधी, ॲडमिन किंवा सिस्टम अधिकारात:

सर्टयुटिल -ॲडस्टोअर ट्रस्टेडपब्लिशर प्रकाशक.सीईआर

त्यानंतर नेहमीचा सेटअप. खिडकी येणार नाही. डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीनेही हेच प्रमाणपत्र वाटता येतं. ड्रायव्हर सुटा बसवायचा असेल तर पीएनपीयुटिल /ॲड-ड्रायव्हर नाव.आयएनएफ /इन्स्टॉल, पण प्रमाणपत्राची अट त्यालाही आहेच.

---

कलम_अकरा

इथे जरा थांबा. त्या एका प्रमाणपत्राने तुम्ही त्या कंपनीच्या यापुढच्या प्रत्येक सही केलेल्या ड्रायव्हरला सगळ्या मशिनवर न विचारता प्रवेश देताय. उद्या त्यांची सही चोरीला गेली तर? स्टक्सनेटमध्ये, २०१० साली, रिअलटेक आणि जेमायक्रॉनच्या सहीचे ड्रायव्हर वापरले गेले होते. हे पुस्तकी भय नाही.

---

जुनं_खोड

मान्य. म्हणून प्रमाणपत्र विक्रेत्याच्या मूळ पॅकेजमधूनच घ्यायचं, कुणी मेलवर पाठवलेलं नाही. ज्या मशिनवर उपकरण लागणार तिथेच टाकायचं. इन्स्टॉल झाल्यावर स्टोअरमधून परत काढून टाकलं तरी बसलेला ड्रायव्हर चालत राहतो. पुढच्या आवृत्तीच्या वेळी परत टाका. थोडं जास्तीचं काम आहे, पण तुमच्या शंकेला तेच उत्तर.

---

कलम_अकरा

काढून टाकायचं असेल तर माझी हरकत नाही. आणखी एक, जे कुणी बोलत नाही: सायलेंट चालवलं म्हणजे परवान्याला 'आय ॲग्री' तुम्हीच म्हटलंत, फक्त न वाचता. एसक्यूएल सर्व्हरच्या सेटअपला /क्यू सोबत /आयॲक्सेप्टएसक्यूएलसर्व्हरलायसन्सटर्म्स असा लांबलचक स्विच द्यावाच लागतो, त्यात निदान प्रामाणिकपणा आहे. बाकीचे गुपचूप होकार धरून चालतात. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत' अशी अट असलेलं सॉफ्टवेअर अख्ख्या ऑफिसभर पसरवणारी स्क्रिप्ट लिहायला फार वेळ लागत नाही.

आणि फुकट सॉफ्टवेअरच्या सेटअपमध्ये 'हा टूलबारही घ्या' वाली खूण असते ना? हाताने बसवताना आपण ती काढतो. सायलेंटमध्ये मूळ निवड धरली जाते, आणि मूळ निवड कुणाच्या फायद्याची असते ते सांगायला नको.

---

खटपट_चालू

प्रमाणपत्र आधी टाकून एजंटमधून ढकललं. बसलं, कोड ०. इन्स्टॉलनंतर ते काढणारी ओळही घातली. मनापासून आभार!

आता जुनाट रिपोर्ट प्रोग्रॅम. तो इन्स्टॉलशील्डचा निघाला. /एस दिलं की काही न करता लगेच बंद होतो.

---

जुनं_खोड

त्याला उत्तरपत्रिका लागते. आधी एका कोऱ्या मशिनवर

सेटअप.एक्झी /आर /एफ१"सी:\टेम्प\सेटअप.आयएसएस"

असं चालवून सगळी बटणं हाताने दाबा. तुम्ही काय दाबलंत ते तो त्या .आयएसएस फायलीत नोंदवतो. मग बाकी ठिकाणी

सेटअप.एक्झी /एस /एफ१"सी:\टेम्प\सेटअप.आयएसएस" /एफ२"सी:\टेम्प\सेटअप.लॉग"

/एफ१ आणि अवतरणचिन्हात मोकळी जागा सोडायची नाही. लॉगमध्ये रिझल्टकोड बघा: ० झालं, -३ म्हणजे हवी ती माहिती उत्तरपत्रिकेत नाही, -५ फाइलच सापडली नाही, -१२ खिडक्या नोंदवल्या होत्या त्या क्रमाने आल्या नाहीत.

-१२ हा याचा खरा रोग. उत्तरपत्रिकेत फक्त त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतात. दुसऱ्या मशिनवर जुनी आवृत्ती असली तर 'बदलू, दुरुस्त करू की काढू?' हा नवा प्रश्न येतो आणि सगळा क्रम कोलमडतो. म्हणून आधी जुनी आवृत्ती काढा, मग नवी बसवा, आणि काढण्यासाठी वेगळी .आयएसएस नोंदवून ठेवा.

काही इन्स्टॉलशील्ड सेटअपच्या पोटात मात्र एमएसआय असतं. तिथे सेटअप.एक्झी /एस /व्ही"/क्यूएन" पुरतं. /व्ही नंतरही जागा नाही.

---

शंकासुर

लिनक्सवर ही कटकट नसते म्हणतात. टर्मिनलवाली, खरं का?

---

टर्मिनलवाली

खिडक्या नसतात, प्रश्न असतात. डेबियन-उबुंटूवर ॲप्टला (पॅकेज बसवणारी कमांड) -वाय दिलं तरी तो फक्त 'पुढे जाऊ का?' एवढ्यालाच हो म्हणतो. पॅकेजच्या आतले डेबकॉन्फचे (बसवताना सेटिंग विचारणारी यंत्रणा) प्रश्न वेगळे, टीझेडडेटा बसवताना वेळेचा पट्टा विचारून अडून बसणारी कंटेनर बिल्ड पुष्कळांनी पाहिली असेल. त्यासाठी

सुडो डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॅक्टिव्ह ॲप्ट-गेट -वाय इन्स्टॉल पॅकेज

हा व्हेरिएबल सुडोच्या नंतर लिहायचा. आधी एक्सपोर्ट करून सुडो मारलंत तर सुडो सहसा तो गाळून टाकतो.

त्यानंतरही एक उरतो: तुम्ही बदललेली कॉन्फिग फाइल ठेवू की नवी घेऊ? हा डीपीकेजीचा (ॲप्टच्या खाली पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) प्रश्न, त्याला --फोर्स-कॉन्फडेफ आणि --फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय ॲप्टमधून पुढे पाठवावे लागतात. आणि उबुंटू २२.०४ मध्ये नीडरीस्टार्ट हा प्रोग्रॅम 'कुठल्या सेवा परत सुरू करू?' म्हणून जांभळा पडदा दाखवतो, त्याला नीडरीस्टार्ट_मोड=ए. मूळ उत्तरापेक्षा वेगळं उत्तर हवं असेल तर डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्सने आधीच भरून ठेवता येतं, आणि हे विंडोजपेक्षा खरोखर सरस आहे, कारण उत्तरं द्यायची जागा सगळ्या पॅकेजना एकच.

मॅकवर इन्स्टॉलर -पीकेजी नाव.पीकेजी -टार्गेट / हे सुडोने चालवलं की पॅकेज निमूट बसतं. पुढे ॲप कॅमेरा, पडदा वगैरेची परवानगी मागतं ती गोष्ट वेगळी.

---

झटपट_राव

मी हल्ली सरळ विंगेट वापरतो. --सायलेंट --ॲक्सेप्ट-पॅकेज-ॲग्रीमेंट्स --ॲक्सेप्ट-सोर्स-ॲग्रीमेंट्स. बाकी डोकं लावायचं नाही.

---

टर्मिनलवाली

नेहमीच्या सॉफ्टवेअरसाठी उत्तम. तरी --सायलेंट म्हणजे विंगेट मॅनिफेस्टमधला स्विच सेटअपला देतं, इतकंच. सेटअपमध्येच हट्टी पेटी असेल तर विंगेटखालीही ती येणारच. --एक्झॅक्ट आणि --आयडी लावा, नाहीतर मिळत्याजुळत्या नावाचं भलतंच पॅकेज निवडलं जाऊ शकतं.

---

खटपट_चालू

अजून एक राहिलंय. शेअरवरून सरळ एक्झी चालवली की एखाद्या मशिनवर 'ओपन फाइल – सिक्युरिटी वॉर्निंग' येतं. हेही विंडोजचंच ना?

---

जुनं_खोड

होय. इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलीला झोन.आयडेंटिफायर नावाची छुपी खूण चिकटते. उगमाबद्दल खात्री असेल तर पॉवरशेलचं अनब्लॉक-फाइल ती काढतं. शेअरच्या मार्गाला विंडोज परका समजतं म्हणूनही हा इशारा येतो. सोपा इलाज म्हणजे आधी स्थानिक फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि तिथून चालवायची. नेटवर्क मध्येच तुटलं तरी इन्स्टॉल अर्धवट राहत नाही, हा वरचा फायदा.

---

शंकासुर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. बसलं की नाही हे तपासायला मी डब्ल्यूएमआयचा (विंडोजला मशिनची माहिती विचारायची सोय) विन३२_प्रॉडक्ट वापरतो. फार हळू चालतो. दुसरं काही?

---

जुनं_खोड

तो ताबडतोब सोडा. विन३२_प्रॉडक्टची यादी मागितली की विंडोज प्रत्येक एमएसआयची सुसंगती तपासतं आणि प्रसंगी दुरुस्तीही सुरू करतं. वाचायला गेलात आणि काम लागलं. शिवाय इनो, एनएसआयएसवाले त्यात दिसतच नाहीत.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा; एचकेएलएम ही त्यातली अख्ख्या मशिनसाठीची शाखा) एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\अनइन्स्टॉल बघा, आणि ३२ बिटवाल्यांसाठी वाव६४३२नोडखालची तशीच शाखा. तिथे डिस्प्लेव्हर्जन असतं, म्हणजे नुसतं 'आहे' नाही, कुठली आवृत्ती आहे तेही कळतं. बऱ्याच नोंदींत क्वाएटअनइन्स्टॉलस्ट्रिंग असते, ती मुकाट्याने काढायची तयार कमांड.

एनएसआयएसचा अनइन्स्टॉलर मात्र स्वतःची प्रत टेम्पमध्ये टाकून मूळ प्रोसेस लगेच संपवतो, त्यामुळे साधी स्क्रिप्ट 'झालं' समजून पुढे पळते. त्याला _?= पुढे इन्स्टॉलचा फोल्डर द्या, तोही शेवटी आणि अवतरणांशिवाय. मग तो जागेवरूनच चालतो आणि स्क्रिप्ट थांबते. अनइन्स्टॉलरची फाइल मागे उरते, ती स्वतः पुसा.

---

खटपट_चालू

नोंदीत शोधताना दिसलं: एक सॉफ्टवेअर एजंटने 'यशस्वी' दाखवलं, पण एचकेएलएममध्ये नाही आणि कुणाच्या स्टार्ट मेनूतही नाही.

---

टर्मिनलवाली

ते एका वापरकर्त्यापुरतं बसणारं असणार. सिस्टम खात्याने चालवलं म्हणजे सिस्टमच्याच प्रोफाइलमध्ये बसलं. सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टमप्रोफाइल खाली ॲपडेटात बघा, तिथे सापडेल. विक्रेत्याकडे 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी' असा वेगळा सेटअप असतो का बघा. एमएसआय असेल आणि त्यात सोय ठेवली असेल तर ऑलयूझर्स=१ देऊन बघा. दोन्ही नसेल तर लॉगइनच्या वेळी त्या त्या व्यक्तीच्या खात्यातून चालवावं लागेल. आणि सिस्टमच्या प्रोफाइलमधलं ते आधी काढा, नाहीतर त्याचा अपडेटर तिथे बसून राहील.

---

खटपट_चालू

सापडलं, अगदी त्याच फोल्डरमध्ये. विक्रेत्याच्या पानावर सगळ्यांसाठीचं एमएसआय आहे, ते घेतो. ३०१० देणारी मशिन वेगळ्या यादीत टाकली आहेत, लोक घरी गेल्यावर रीस्टार्ट करेन.